पुरचुंडी पुढे, आपण मागे

आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद लटकतो आहे. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की ही कालचा आकडा खोडते आणि एकाने कमी करून नवा लिहिते. सुरुवात नव्वदपासून झाली होती, आज पाच आहे. पाच दिवसांनी आम्ही दोघं टोकियोचं विमान पकडणार, तिथून योकोहामाला जाणार आणि चौदा मजली बोटीत बसून जपानच्या काठाकाठाने फिरणार. कोबे, कोची, मधेच कोरियातलं बुसान, मग नागासाकी, कागोशिमा, परत योकोहामा. सदुसष्टाव्या वर्षी माणसाने इतकं हरखावं का, अशी शंका आमच्या चिरंजीवांना आहे. तसं तो बोलला नाही. 'बाबा, परत तोच व्हिडिओ?' एवढंच म्हणाला.

परत तोच. योकोहामाच्या ओसानबाशी धक्क्यावरून निघालेली बोट बे ब्रिज नावाच्या पुलाखालून जाते. मोठ्या बोटी भरती-ओहोटीचं गणित बघून जेमतेम निसटतात. मी आतापर्यंत अशा चार बोटी पार केल्या आहेत, आणि धुराडं आता घासणार म्हणून चारही वेळा खुर्चीत मान खाली घेतली आहे. आमच्या दर्जाची खोलीही मला तोंडपाठ आहे. कुणा परदेशी जोडप्याने तिचा बावीस मिनिटांचा व्हिडिओ करून ठेवलाय. दार उघडलं की डाव्या हाताला कपाट, उजवीकडे न्हाणीघर. तिथला पडदा म्हणे अंघोळ करताना अंगाला चिकटतो. ज्या पडद्याला अजून माझा हात लागलेला नाही, त्याच्यावर मी दोन महिने वैतागलेलो आहे.

लहानपणी आम्हाला बोटीबद्दल काय ठाऊक असायचं? ती भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटते, दुसऱ्या दिवशी पणजीला पोचते आणि मधे अंधारात कुठेतरी आपलं गाव येतं. एवढंच. आम्ही म्हणजे साठ सालाच्या आगेमागे जन्मलेली आणि मे महिना उजाडला की कोकणात पोचती केली जाणारी चाळकरी मुलं. आमच्या प्रवासाची चाहूल माळ्यावरून लागायची. एप्रिलच्या शेवटी वडील स्टुलावर चढून होल्डॉल खाली काढायचे. तो गच्चीत उन्हात पडायचा, त्याच्या चामडी पट्ट्यांना खोबरेल चोळलं जायचं. जुनं कॅनव्हास, डांबरगोळी आणि खोबरेल यांचा मिळून जो वास होतो, त्याला आमच्या घरी नाव नव्हतं, पण तो आला की आम्ही उगाचच जिने चढ-उतर करायचो. मग पत्र्याची ट्रंक निघायची. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने वडिलांचं नाव, खाली मुक्काम, पोस्ट, तालुका देवगड, जिल्हा रत्नागिरी. (१९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. ट्रंक मात्र शेवटपर्यंत रत्नागिरीतच राहिली.)

आताच्या बॅगेला चार चाकं आहेत आणि ती एका बोटाने चालते. तिच्यावर लावायची चिठ्ठी कंपनीने ॲपवर पाठवली. ती छापायची, सांगितलेल्या रेघांवर चार घड्या घालायच्या आणि मुठीभोवती गुंडाळून स्टेपल करायची. तीवर नावाखाली मुक्काम नाही, पोस्ट नाही, तालुका नाही. डेकचा आकडा आणि खोलीचा आकडा. हरवली तर बॅग खोलीवर येईल, हे नक्की. पण ट्रंक हरवली असती तर ती गावाला गेली असती, असं आपलं मला वाटतं.

बोटीत चढायची वेळसुद्धा आम्हाला नेमून दिली आहे, दुपारी दीड ते दोन. जागा सात महिन्यांपूर्वीच क्रेडिट कार्डावर धरलेली. तेव्हा जागा सतरंजीने धरायची असे. आमच्याकडे एक मामा केवळ त्याच कामावर नेमलेला होता. तो गावाला येत नसे, त्याला सुट्टीच नसायची. पण धक्क्यावर येऊन, फळी लागली रे लागली की बगलेत सतरंजी मारून जो सुटायचा, तो वरच्या डेकवर वाऱ्याच्या बाजूचा कोपरा पकडूनच थांबायचा. आम्ही पोचलो की सतरंजीवरून उठायचा, शर्टाच्या बाहीने घाम पुसायचा आणि उतरून जायचा. दुसऱ्याच्या प्रवासासाठी धापा टाकणारा तो माणूस मला आताशा फार आठवतो. भोंगा झाला की धक्क्यावरच्या शेकडो हातांत त्याचा हात कुठला, हे ओळखायचा खेळ आम्ही खेळायचो. कुणालाच कधी खात्रीने ओळखता आला नाही.

आता खरं सांगायचं, तर ती बोट भयंकर होती. डिझेल, सुके बांगडे, माणसं आणि मिरच्यांची पोती या सगळ्यांचा एकत्र दर्प. रत्नागिरी यायच्या आत निम्मा डेक आडवा झालेला असायचा. ज्याला बोट लागायची नाही, त्याला शेजाऱ्याची बघून लागायची. आवळासुपारी, लिंबू, आल्याच्या वड्या, सगळे उपाय तोंडात आणि थोड्या वेळाने सगळे उपाय समुद्रात. बायका आदल्या संध्याकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. का, ते कळायला आम्हाला बरीच वर्षं लागली. आणि उतरणं तर विचारू नका. बऱ्याच बंदरांत बोटीला धक्का नव्हता. ती खोल पाण्यात उभी राहायची, काठावरून पडाव यायचे, आणि अपरात्री कंदिलाच्या उजेडात खलाशी आम्हाला बखोटीला धरून बोटीतून पडावात सोडायचे. पडाव वर आला की सोडायचं, खाली गेला की थांबायचं, एवढाच नियम. एका वर्षी माझी उजव्या पायातली नवी चप्पल त्या फटीत पडली. मी किनाऱ्यापर्यंत रडलो. महिनाभर गावात अनवाणी हिंडलो आणि जूनमध्ये शाळेत मात्र 'मी समुद्रात पडता पडता वाचलो' असं सांगितलं. स्मरणरंजनाची माझी सुरुवात ती.

हे सगळं परवा मी आईपुढे रंगवून सांगत होतो. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ऐकायला कमी येतं, पण हवं ते येतं. माझा मामा, सतरंजी, भोंगा सगळं झाल्यावर ती म्हणाली, 'तुम्हाला बोट दिसायची. मला डबे दिसायचे.' आणि मग तिने तिचा मे महिना सांगितला. चौघांच्या कपड्यांना काजं-बटणं, नणंदांसाठी खण, सासऱ्यांची तपकीर, गावच्या अकरा माणसांना पुरेल असा मुंबईचा खाऊ. वाटेत खायला दुधात भिजवलेल्या दशम्या, त्यासुद्धा बोट उशीर करेल म्हणून दीडपट. दूधवाल्याला सांगणं, रेशन उचलणं, कुंड्या शेजारी देणं. 'आणि एवढं करून पोचायचं कुठे? सासरी.' आम्ही ज्याला हुरहुर म्हणतो, ती करायला तिला वेळच नव्हता. ती बिनकामाच्या माणसांची चैन होती, म्हणजे आमची आणि वडिलांची.

मी जरा ओशाळून म्हटलं, आता तसं नाही हं, आता सगळी यादी कॉम्प्युटरवर आहे. खरंच आहे. चार रंगांची, रकान्यांची. कपडे, औषधं, कागद, खाऊ. सर्दीची काही औषधं जपानमध्ये चालत नाहीत, ती तांबड्या रंगात. जपानात वीज शंभर व्होल्टची आणि प्लगला दोन चपट्या पिना, तो अ‍ॅडॅप्टर निळ्यात. बोटीवर इस्त्री नेलेली चालत नाही, त्यामुळे न चुरगळणारे कपडे वेगळ्या रकान्यात. ती यादी मी आईला मोबाइलवर दाखवली. तिने चष्मा वर करून पाहिली आणि विचारलं, 'केली कुणी?' यादी हिने केली आहे.

जपान आमच्या लहानपणी खरं तर फार जवळ होतं. मुलींच्या वेण्यांना लावायच्या, दोन रंगीत मणी असलेल्या रबराला 'लव्ह इन टोकियो' म्हणायचे. १९६६ च्या त्या सिनेमाचं नाव कटलरीच्या दुकानात जे चिकटलं ते कायमचं, आणि माझ्या बहिणीला बरेच दिवस टोकियो ही केसांना लावायची वस्तू आहे असंच वाटत होतं. जपानी म्हणजे नायलॉनची साडी, जपानी म्हणजे बोहारणीलासुद्धा न देण्याचा छत्रीचा दांडा, जपानी म्हणजे मुसाफिरखान्यात हळू आवाजात मागायचा ट्रान्झिस्टर. बाकीचा देश पुलंच्या 'पूर्वरंग'मधून कळला, आणि मोठेपणी 'तोत्तोचान'मधून. हिरोशिमा-नागासाकी ही नावं शाळेत जोडशब्दासारखी पाठ झाली होती. त्यातल्या एका शब्दाला आता आमची बोट सकाळी सातला लागणार आहे आणि संध्याकाळी पाचला सोडणार आहे. तेवढ्या दहा तासांत तिथे काय बघायचं आणि कुठल्या तोंडाने जेवायला परत यायचं, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आमच्या ओळखीतला जपानला गेलेला पहिला माणूस म्हणजे धाकटे काका. १९७२ साली कारखान्याने त्यांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. ती बातमी आधी पेढ्यांच्या रूपाने चाळीत फिरली आणि मग वर्तमानपत्रात आली. वाचकांतल्या तरुणांना खोटं वाटेल, पण परदेशी जाणाऱ्याचा फोटो पैसे भरून वर्तमानपत्रात छापायची तेव्हा रीत होती. कोट, टाय, चापून बसवलेला भांग आणि खाली 'उच्च तांत्रिक प्रशिक्षणासाठी जपानला रवाना'. टाय शेजाऱ्यांचा होता. निरोपाला सांताक्रूझला आम्ही बावीस माणसं टेम्पोतून गेलो. काकांच्या गळ्यात नऊ हार पडले. नववा घालताना आजीचा हात पोचेना, म्हणून ते गुडघ्यावर बसले आणि तिथेच त्यांना पाया पडून घ्यावंसं वाटलं. तेव्हा साध्या प्रवाशाला निघताना हातात आठ डॉलर मिळत. काकांची तिकडची सोय कंपनीने केली होती म्हणून बरं. नाहीतर आठ डॉलरवर माणूस जपानला पोचला तरी हाक मारायला उरला नसता.

आठ डॉलरचे दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. परकीय चलन आता कार्डात भरून मिळतं, उरलं तर परत करता येतं. पण निरोपाचं काय झालं? आम्हाला विमानतळावर सोडायला कोण येणार, असं मी मुलाला विचारलं, तर तो गोंधळला. 'कॅब बुक केलीय ना,' म्हणाला. तो काही वाईट नाही. रात्री अकराला निघायचं, आत शिरायचं फक्त तिकीटवाल्यांनी, बाहेर गाडी थांबवायची मिनिटं मोजून. अशा ठिकाणी बावीस माणसं आणून उभी करायची कुठे? आणि परदेशी जाण्यात आता राहिलंय काय? आमच्या इमारतीतली निम्मी घरं दर वर्षी कुठे ना कुठे जातात. फोटो छापायचा झाला तर वर्तमानपत्राची पुरवणी काढावी लागेल. शिवाय आमचे फोटो आम्हीच, निघायच्याही आधी, छापून मोकळे झालो आहोत. हिने बॅगेचासुद्धा टाकला. त्याला एकशे चार अंगठे आले. त्यातल्या एकाही अंगठ्याचा घाम पुसायला बाही लागली नाही.

बरं, कागदपत्रांची कटकट तेव्हाच होती असंही नाही. मधेच बुसान कशाला, हा प्रश्न मला पहिल्या दिवशी पडला होता. उत्तर कायद्यात निघालं. परदेशी झेंड्याच्या बोटीने जपानी बंदरातून माणसं घ्यायची आणि नुसत्या जपानी बंदरांतून हिंडवून परत सोडायची, हे तिकडे चालत नाही. मधे एखादं परक्या देशाचं बंदर शिवून यावं लागतं, धावण्याच्या शर्यतीत समोरच्या भिंतीला हात लावून परतायचं तसं. पण बुसानला हात लावला की आपण कागदोपत्री जपानबाहेर पडलो. परत आत यायचं तर परवानगी दुसऱ्यांदा हवी, म्हणजे एका प्रवेशाचा व्हिसा कामाचा नाही. कोरियाच्या कागदांची भानगड निराळी. हे समजायला मला तीन आठवडे, दोन एजंट आणि एक अर्धशिशी लागली. विवेकानंदांचं बरं होतं म्हणावं, तर तेही नाही. ते ३१ मे १८९३ ला मुंबईहून 'पेनिन्सुलर' बोटीने निघाले. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत नागासाकी, कोबे, योकोहामा आणि तिथून पॅसिफिक ओलांडून अमेरिकेला. पण पोचल्यावर कळलं की परिषदेला ओळखपत्र लागतं आणि नावनोंदणीची मुदत टळून गेली आहे. त्याच वर्षी जमशेटजी टाटांच्या साथीने निप्पॉन यूसेन काइशा कंपनीची मुंबई-जपान बोट सुरू झाली, मुख्यतः आपला कापूस न्यायला. माणसांपेक्षा गासड्यांना कागद कमी लागत असतील.

भीतीही तेव्हा होती आणि आता आहे, फक्त तिची जागा बदलली. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आमचा जन्म नंतरचा, पण आमच्या घरी बोटीचा विषय निघाला की एकदा ते नाव निघायचं, आणि मग आजी खिडकीतून वारा बघायची. परवा मी योकोहामा म्हटल्याबरोबर आईने विचारलं, 'तेच का ते, आजाराच्या बोटीचं?' फेब्रुवारी २०२० मध्ये 'डायमंड प्रिन्सेस' योकोहामालाच अडकवून ठेवली होती. तीन हजार सातशे माणसं, त्यांत एकशे अडतीस भारतीय, आणि सातशेहून जास्त जणांना लागण. आईने तेव्हा ते दिवसच्या दिवस टीव्हीवर पाहिलं होतं. मी म्हटलं, झालं ते, आता सगळं सुरळीत आहे. ती म्हणाली, 'मी कुठे काय म्हटलं?' आणि खिडकीकडे बघितलं.

'पोचल्याचं पत्र टाक,' हे आमच्या पिढीने ऐकलेलं निरोपाचं शेवटचं वाक्य. काका पोचल्याचं पत्र अकराव्या दिवशी आलं. निळा एअरोग्राम, कडा जिभेने चिकटवलेल्या, त्यामुळे फोडताना दोन ओळी फाटल्या. त्या ओळींत काय असेल यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. अकरा दिवस माणूस कुठे आहे हे देवाला ठाऊक, आणि देव्हाऱ्यासमोर आजीने तेवढे दिवस एक वात जास्त लावलेली. यात रम्य काही नव्हतं. आजीला त्या अकरा दिवसांत अन्न गोड लागलं नव्हतं. आता मुलाने एक ॲप घेतलंय, त्यात आमची बोट नकाशावर बाणासारखी दिसते. ती आत्ता, मी हे लिहीत असताना, दुसऱ्याच कुणाला घेऊन कागोशिमाच्या खाली सरकते आहे. तेव्हा माणूस गेल्यावर काळजी सुरू व्हायची. आता बोट आमच्यावाचून निघाली आहे आणि आम्ही घरी बसून तिची वाट बघतोय.

तयारी करता करता मी एक उद्योग केला, जपानी माणसं प्रवासाआधी काय करतात ते वाचत बसलो. शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवशी तिकडची पोरं पांढऱ्या कापडाचं मुंडकेवालं बाहुलं करून खिडकीला टांगतात. तेरु तेरु बोझु. उद्या ऊन पडू दे म्हणून. सहलीला खाऊ किती आणायचा याची तीनशे येनची मर्यादा असे, आणि केळं हे खाऊत धरायचं की जेवणात, हा गुरुजींना विचारायचा तिथला ठरलेला विनोद आहे. हे वाचून मला इतका आनंद झाला, की ज्या पोरांना मी ओळखत नाही त्यांच्या शाळेत मी क्षणभर बसून आलो. आमच्या वर्गात प्रश्न पन्नास पैशांचा होता आणि केळ्याच्या जागी उकडलेलं अंडं होतं.

आणि मग मला 'ओगासावारा मारू' सापडली. टोकियोच्या दक्षिणेला हजारभर किलोमीटरवर चिचिजिमा नावाचं बेट आहे. तिथे विमानतळ नाही. टोकियोहून ही एकच बोट जाते, साधारण आठवड्यातून एकदा, आणि तिला चोवीस तास लागतात. आपल्या मुंबई-पणजीएवढे. स्वस्त तिकिटाची माणसं जमिनीवरच गाद्या टाकून ओळीने झोपतात. आणि परतीची बोट सुटली की बेटावरची माणसं आपापल्या होड्या घेऊन तिच्या बरोबर बरोबर येतात, हात हलवतात, आणि पुरेसं लांब आल्यावर होडीतून धडाधड समुद्रात उड्या मारतात. निरोप म्हणून. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. शेकडो हातांत मामाचा हात शोधणारा मी, इथे एकेक माणूस उडी मारताना ओळखू येत होता.

मग तीच बोट का नाही घेतली? ही हे विचारणार हे ठाऊक होतंच, तिने विचारलं. मी बेटाचे फोटो पुढे केले, झोपायच्या हॉलचे लपवले. तिने तेच काढले. 'चोवीस तास जमिनीवर? तुमच्या पाठीला विचारलंत?' पाठीला विचारायची गरज नव्हती. मला त्या बोटीची आठवण हवी आहे, बोट नको आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, तेव्हा बोट गेली म्हणून चुकचुकणाऱ्यांत मी होतो आणि पहिल्या महिन्यात खिडकीची जागा राखून ठेवणाऱ्यांतही मीच होतो. आणखी एक गोष्ट मनात येते ती अशी, की ज्या निरोपांवर आपण एवढा जीव टाकतो ते बहुतेक गरजेचे निरोप होते. १९०८ मध्ये कोबेहून 'कासातो मारू' ७८१ माणसं घेऊन ब्राझीलला निघाली, ती काही मौजेला नव्हे. तिकडच्या कॉफीच्या मळ्यांत मजुरीला. भाऊच्या धक्क्यावर उतरलेले आमचे आजोबा-पणजोबाही गिरणीत नाव लागतं का बघायला आले होते. धक्क्यावरचे हात एवढे जोरजोराने हलत होते, कारण पुढची भेट कधी याचा कुणालाच भरवसा नव्हता. आम्ही बारा दिवसांनी परत येणार आहोत. त्यासाठी कुणी समुद्रात उडी मारायचं कारण नाही.

काल आईने कालनिर्णय मागवलं आणि बोटाने चौकोन मोजले. 'निघता त्या दिवशी अमावास्या आहे,' म्हणाली. मी म्हटलं, विमान कंपनीला सांगू का? तिने लक्ष दिलं नाही. 'प्रस्थान ठेवा. उद्याचा दिवस चांगला आहे.'

हा शब्द मी पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. पालखीच्या प्रस्थानाचा ऐकतो तो वेगळा. निघायचा दिवस वाईट असला, की चांगल्या दिवशी आपल्याऐवजी आपली एक पुरचुंडी घराबाहेर पाठवायची. कोऱ्या फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, एक नाणं. ती शेजारच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरतात. मग प्रत्यक्ष निघताना शेजारून ती उचलायची आणि मागे न बघता चालू लागायचं. आजी ते करायची. आमची पुरचुंडी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या फडताळात, त्यांच्या लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेली असायची आणि त्या बाई तीन-तीन दिवस तिला हात लागू देत नसत. जपानमध्येही आहे की तसंच, मी हिला म्हटलं. विमानतळावर काउंटरला बॅग द्यायची, ती आपल्याआधी पुढच्या मुक्कामी जाऊन थांबते. ताक्युबिन. १९७६ पासून चालू आहे. आम्हीही योकोहामाला तेच करणार आहोत. ही म्हणाली, 'त्यात हळकुंड नसतं.'

आज सकाळी आईने स्वतः गाठ मारली. बोटं थरथरतात, दोनदा सुटली. नाणं म्हणून मी दहा रुपयांचं दिलं. तिने ते परत केलं आणि आपल्या पाकिटातून एक जुना रुपया काढला. पुरचुंडी हातात घेऊन मी बाहेर आलो आणि मग लक्षात आलं की न्यायची कुणाकडे हा प्रश्नच आहे. समोरचं जोडपं गेल्या वर्षी आलं, दोघं साडेआठला बाहेर पडतात. त्यांचं आडनाव मला दारावरच्या पाटीमुळे ठाऊक आहे, इतकंच. शेजारच्या घराला कुलूप, मालक दुबईला. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांशी पार्किंगवरून माझं बोलणं बंद आहे. बेल वाजवून 'हे तांदूळ पाच दिवस ठेवता का' असं म्हणायला माणूस तितका जवळचा हवा, नाहीतर तितका परका तरी.

शेवटी खाली गेलो. गेटवरच्या केबिनमध्ये दिवसपाळीचा वॉचमन होता, साताऱ्याकडचा. मी सांगायला सुरुवात केली आणि तो मधेच म्हणाला, 'प्रस्थान का? द्या की काका. आमची म्हातारी ठेवायची.' त्याने दोन्ही हातांनी पुरचुंडी घेतली, टेबलावरच्या पार्सलांचे खोके बाजूला सारले आणि टॉर्च, शिट्टी ठेवायच्या खणात सगळ्यात मागे ती ठेवली. मग सवयीने पार्सलचं रजिस्टर ओढलं. फ्लॅट नंबर लिहिला. 'कुठून आलं' या रकान्यात थोडा थांबला आणि 'घरून' असं लिहिलं. नग, एक. नेल्याची तारीख आणि सही हे दोन रकाने रिकामे ठेवून त्याने पेन माझ्याकडे दिलं आणि लगेच परत घेतलं.

'ते निघताना,' तो म्हणाला.